डाव्या हाताला

लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मला यांचा चेहरा दिसला नाही, कारण मी मान वर केलीच नव्हती. मला दिसले ते पाय. उजवा पाय पुढे, डावा मागे आणि तिरपा, त्याची टाच जमिनीपासून जराशी उचललेली. माळ घालायला मी डावा पाय पुढे टाकला, तर माझी बोटं यांच्या अंगठ्याखाली आली. दुखलं, पण पाय ओढून घ्यायची मला लाज वाटली. मागून कुणी बाई म्हणाली, नवरदेव माळ घालायला उभा राहिला की भांडायला? मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. यांनी तेव्हाही पाय सरळ केला नाही.

हे कुठेही असेच उभे राहायचे. रेशनच्या रांगेत, चावडीवर, मारुतीच्या देवळात. आमच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोतही मी सरळ आहे आणि हे तिरपे. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या देवळात यांना दटावायच्या, "दिग्या, देवासमोर तरी सरळ उभा ऱ्हा." हे म्हणायचे, "आई, सरळ उभ्या माणसाला देव पण पाडतो."

यांचं नाव दिगांबर. इथे लिहिलं, तोंडानं उखाणा सोडून कधी घेतलं नाही. मला माणसाच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही, लहानपणापासूनच. चौथीनंतर शाळा सुटली त्याला हेही एक कारण होतं. गुरुजींनी उभं केलं की मी त्यांच्या चपलांकडे बघत राहायची. गावातली निम्मी माणसं मी पायांवरून ओळखते. यांचं आणि माझं जमलं ते बहुतेक यामुळेच, कारण हेही माणसाचे पाय आधी बघायचे. "आधी उभं राहणं बघावं, मंग माणूस बघावा," हे यांचं बोलणं. पेपरात त्याला पवित्रा म्हणतात. हे नेहमी 'उभं राहणं'च म्हणायचे. घरी पाहुणा येऊन गेला की हे सांगायचे, याचं उभं राहणं कच्चं आहे, किंवा याचं चांगलं आहे, याला धक्का दिला तरी पडणार नाही. मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी मुलाची नोकरी विचारली आणि यांनी त्याला उगाच अंगणात उभं करून बघितलं.

यांचं काम बॉक्सिंगचं होतं. आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला. आमच्याकडे कुस्ती म्हटलं की लोकांना कळतं, बॉक्सिंग म्हटलं की विचारतात, मिलिटरीत आहेत का? हे मिलिटरीत नव्हते. यांची बॉक्सिंग व्यवसायाची, पैशासाठी लढायची. ती पुण्या-मुंबईकडे चालते. तिच्यात डोक्याला टोप नसतो आणि फेऱ्या जास्त असतात.

सुरुवात नांदेडला झाली. तरुणपणी हे तिथे हमाली करायचे. गोदामाच्या मागे एक म्हातारे उस्ताद पोरांना ठोसे शिकवायचे. त्यांनी यांना सगळ्यांसारखंच उभं केलं, डावा पाय आणि डावा हात पुढे, उजवा हात मागे. माणसाचा जोराचा हात मागे ठेवतात आणि दुसरा पुढे ठेवून वाट बघतात, असं ते असतं. यांनी पुष्कळ दिवस नुसता मार खाल्ला. मागचा हात उशिरा निघायचा. एक दिवस उस्तादांनी बोलता बोलता चाव्यांचा जुडगा यांच्या तोंडावर फेकला. यांनी तो झेलला डाव्या हातानं. उस्ताद म्हणाले, "अरे, तू तो खब्बू है. किसने बिगाड़ा तेरे को?"

हे म्हणाले, "मेरी आई ने."

ही गोष्ट हे आत्याबाईंच्या समोर सांगायचे, तेही जेवताना, आणि हसायचे. खरं होतं ते. हे जन्माचे डावरे. लहानपणी घास डाव्या हातानं उचलायचे. आमच्याकडे डाव्या हातानं कुणी जेवत नाही, प्रसाद घेत नाही, कुणाला काही देत नाही. आत्याबाई जेवायला बसवताना यांचा डावा हात लुगड्याच्या पट्टीनं पाठीमागे बांधायच्या आणि उजव्यानं जेवण झालं की सोडायच्या. शाळेत गुरुजींनी लिहायला उजवा हात लावला. म्हणून हे जेवायचे आणि सही करायचे उजव्या हातानं, बाकी दगड मारणं, कडी लावणं, बैलाच्या पाठीवर थाप मारणं, सगळं डाव्यानं. आत्याबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी बांधला म्हणून लोकात बसून जेवून राहिलास. न्हाईतर तुला पंगतीला कोणी बसू दिलं असतं?"

ताटाच्या बाबतीत आत्याबाई फार कडक. चटणी आणि मीठ ताटाच्या डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला. नवी सून म्हणून आले तेव्हा मी एकदा ठेचा उजवीकडे वाढला, तर त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं आणि परत वाढलं.

उस्तादांनी यांना उलटं केलं. उजवा पाय पुढे, डावा हात मागे. त्यानंतर नांदेडच्या तालमीत यांना कुणी हरवू शकलं नाही, असं हे सांगायचे. मी विचारलं होतं, डाव्या हातात जास्त जोर असतो का? हे म्हणाले, जोराचं काही नाही. "त्यांना आमी कवातरी भेटतो. आमाला ते रोजच भेटतात." एवढीच गोष्ट. उजवा माणूस जन्मभर उजव्यांशीच लढतो. डावा समोर आला की त्याला सगळंच उलटं दिसतं.

हे मला अंगणात समजलं. हे घरी आले की हळद साठवायच्या शेडमध्ये सराव करायचे. हळदीच्या जुन्या पोत्यात चिंध्या आणि वाळू भरून ते आढ्याला टांगलेलं होतं. ठोसा बसला की त्यातून पिवळी धूळ उडायची. यांची मोठी बहीण, आमच्या अक्का, माहेरी आल्या की म्हणायच्या, हा बघा, रोज हळद लागलेला नवरदेव. पण पोत्याला पाय नसतात. म्हणून हे मला अंगणात बोलवायचे आणि समोर उभं करायचे, उजव्या माणसासारखं, डावा पाय पुढे. मी पदर खोचून उभी राहायची. हे मारायचे नाहीत, नुसते सरकायचे.

दोन उजवे समोरासमोर असले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या बाजूनं जातात. उजव्यासमोर डावा आला की आरशासमोर उभं राहिल्यासारखं होतं. त्याचा पुढचा पाय आपल्या पुढच्या पायासमोर, पुढचा हात पुढच्या हातासमोर. पायावर पाय पडतो. डोक्याला डोकं लागतं. आणि मागचा हात, जोराचा, दोघांचाही सरळ येतो, मधे काही आड येत नाही. म्हणून सगळं भांडण पुढच्या पायाच्या जागेचं. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडला, त्याला मारायची वाट मिळते आणि दुसरा चुकतो. डाव्यानं आपल्या उजव्या हाताला सरकत राहायचं आणि पाय बाहेर टाकत राहायचा. "पाय बाहेर ठेव," हे मला सारखं म्हणायचे. माझी जावेशी कुरबुर झाली तरी हेच म्हणायचे. वाद घालू नको, तिच्या बोलण्याच्या समोर उभी राहू नको, पाय बाहेर ठेव. मला ते कधी जमलं नाही. पण लग्नात माझ्या बोटांवर पाय का पडला ते त्या अंगणात कळलं.

यांनी स्वतःच्या नावानं लढती थोड्याच केल्या. यांचं खरं काम वेगळं होतं. पुण्यात एखाद्या मोठ्या बॉक्सरची लढत डाव्या माणसाशी ठरली की त्याला सरावाला डावा माणूस लागायचा. डावे मिळत नाहीत. मग यांना फोन यायचा. हे पिशवी भरून वारंगा फाट्यावर जायचे, तिथून पुण्याची गाडी. तिकडे महिना-महिना त्या माणसासमोर उभे राहायचे. तो यांच्यावर मारून मारून डाव्याला कसं मारायचं ते शिकायचा. हे याला 'सराव देणं' म्हणायचे. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पुण्याला एका पोराला सराव देऊन राहिलो." लोकांना वाटायचं हे मास्तर आहेत.

एकदा अशाच एका बॉक्सरची लढत मुलीनं, वैष्णवीनं, मोबाइलवर लावली. आम्ही सगळे ओसरीवर बसून बघत होतो. त्या पोरानं पाय बाहेर टाकला आणि उजवा हात सरळ घातला. समोरचा डावा माणूस खाली बसला. हे टाळी वाजवून उठले. आपल्या गालावर थापटून आत्याबाईंना म्हणाले, "आई, हा ठोसा इथं शिकला तो. याच गालावर." एवढे खूश मी यांना मुलीच्या लग्नातही बघितलं नाही. आत्याबाईंनी यांच्या गालाकडे बघितलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

मी यांना थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. हे परत यायचे तेव्हा भिंतीला हात लावत चालायचे. डोकं दुखतं म्हणून उन्हात बसत नसत. एकदा हे बूट बांधत होते तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, घरी राहा. हे म्हणाले, "मी न्हाई गेलो तर त्या लेकराला समोरचा पहिल्याच फेरीला मारंल. त्यानं डावा कवा बघितलाच न्हाई." मी म्हटलं, "ते लेकरू कोणाचं कोण, आन् तुमचं डोकं?" हे म्हणाले, माझं डोकं सवयीचं आहे. मग मी वैष्णवीकडून नांदेडला उस्तादांना फोन लावला. त्यांच्याशी मला बोलता आलं नाही, तीच बोलली. उस्ताद म्हणाले, बेटी, मी कधीचाच सांगून थकलो, आता तो माझ्या हाताखाली नाही. मी यांच्या भावाला सांगायला लावलं, देवाला नवस बोलले, बूट माळ्यावर टाकले. हे बूट शोधत बसले नाहीत, चपलेवरच गेले.

मग एकदा यांना स्वतःच्या नावाची लढत मिळाली. वय उतरलेलं, तरी मिळाली, कारण समोरचा माणूस डावाच होता आणि त्याच्याशी लढायला कुणी तयार नव्हतं. आता यांनाच सरावाला डावा माणूस हवा होता, आणि तो कुठून मिळणार? ज्याला डावा लागायचा त्याची गरज भागवणारे हेच. डाव्यानं कधी डावा बघितलेला नसतो. यांनी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून बघितलं, पण आरशात डाव्याचा उजवा होतो. ते कामाचं नाही.

म्हणून यांनी मला उलटं उभं केलं. उजवा पाय पुढे, डावा हात मागे. रोज सकाळी शेडमध्ये मी यांच्यासारखी उभी राहायची आणि हे माझ्या भोवती सरकायचे. आत्याबाई दारातून म्हणायच्या, एक येडं होतं, आता दोन झाले. मला पहिल्यांदा वाटलं की हे आतून असे असतात, एवढे तिरपे, एवढे सावध. यांचा हात माझ्या तोंडापाशी येऊन थांबायचा आणि मी डोळे मिटायची. हे म्हणायचे, "डोळे मिटू नको. मिटले की लागतं." मला ते जमेना. शेवटच्या दिवशी जमलं. हात आला, थांबला, हळदीचा वास आला आणि मी बघत राहिले. हे म्हणाले, "तुझं उभं राहणं चांगलं हाय." आयुष्यात मला कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

ती लढत आम्ही संध्याकाळी मोबाइलवर बघितली. दोघेही आपापल्या उजव्या हाताला सरकत होते, फुगडी घातल्यासारखे गोल. दोघांनाही दुसऱ्याचा पाय सापडत नव्हता. दोन फेऱ्या असंच चाललं. मग यांनी सवयीनं पाय बाहेर टाकला, जसा उजव्या माणसाच्या बाहेर टाकतात तसा. डाव्यासमोर तो बाहेर पडत नाही, तो सरळ त्याच्या हातासमोर पडतो. मला ते कळलं, कारण त्या जागेवर मी उभी राहिले होते. मी मोबाइलच्या समोर "न्हाई, न्हाई" म्हणत होते आणि यांना ऐकू कसं जाणार? मी डोळे मिटले नाहीत. लागायचं ते लागलंच.

त्यानंतर हे पुण्याला गेले नाहीत. मला जे हवं होतं ते असं मिळालं.

आधी हातात कप धरता येईना. मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे. वैष्णवीच्या सासरचं गाव विसरले. चिडायचे, मग कशावर चिडलो ते विसरून माझ्याकडे बघत बसायचे. घरातून बाहेर पडले की परत कसं यायचं ते आठवेना. पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. वाट चुकले की हे प्रत्येक कोपऱ्यावर उजव्या हाताला वळतात. सरकत राहायची सवय पायात राहिली होती. आमच्या दारातून निघून मारुतीपाशी उजवीकडे, शाळेपाशी उजवीकडे, पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळलं की माणूस परत आमच्याच गल्लीत येतो. म्हणून मी घाबरणं सोडलं. हे निघाले की मी ओट्यावर बसायची. थोड्या वेळानं गिरणीकडून तिरपे तिरपे चालत यायचे आणि मला बघून म्हणायचे, "तू इथं काहून?"

एक दिवस हे कुणाच्या तरी टमटममध्ये बसून वारंगा फाट्यापर्यंत गेले. तिथे उजवीकडे वळत राहिलं तर घर येत नाही. तिथून मोठे रस्ते फुटतात आणि ट्रक चालतात. तिथल्या चहावाल्यानं यांना पुण्याच्या गाडीला चढता-उतरताना कितीदा बघितलेलं, त्याच्याकडे दिराचा नंबर होता. त्यानं फोन केला. म्हणाला, "दादा इथंच हायेत. सगळ्यांना विचारून राहिले, आमचं गाव कोणत्या हाताला? मी म्हणलं डाव्या हाताला, तर हात वर करून बघत बसले, डावा कोणता म्हणून." मी दिराच्या मोटारसायकलवर गेले. हे रस्त्याच्या कडेला उभे होते, दोन्ही हात समोर धरून, आणि त्यांच्याकडे बघत होते. उजवा पाय मात्र पुढे होता. पायाला कुणी विचारलंच नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. ते म्हणाले, डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराचं हे आहे, भरून येणार नाही. गोळ्यांनी थोडं शांत राहतील एवढंच. त्यांनी यांना विचारलं, दादा, किती वर्षं मार खाल्ला? हे खुर्चीतून उठून उभे राहिले, तिरपे. म्हणाले, "मार न्हाई खाल्ला, साहेब. सराव दिला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते.

मग जेवणाचं झालं. दुपारची वेळ होती, अक्का आलेल्या. मी नेहमीसारखं ताट वाढलं. यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली आणि डाव्या हातानंच घास उचलला. आम्ही सगळ्या बघत राहिलो. अक्का म्हणाल्या, "आई, बघ गं, हा कोणत्या हातानं जेवून राहिला." आत्याबाई उठल्या. यांच्याजवळ बसल्या आणि यांचं डावं मनगट धरून मांडीवर ठेवलं. उजवा हात उचलून ताटात ठेवला. हे त्यांच्याकडे बघत होते, ओळख असल्यासारखं. उजव्या हातानं एक घास घेतला, अर्धा सांडला. मग डावा हात मांडीवरून आपोआप वर आला.

आत्याबाईंनी तो परत धरला नाही. त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या आणि पुष्कळ वेळ हौदापाशी बसून होत्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं गेले. त्या हौदाकडे बघूनच म्हणाल्या, "मी हात बांधायचे तवा रडायचं न्हाई ते लेकरू. नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचं." मी घागर भरली आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी यांचं ताट त्यांनीच वाढलं. ठेचा आणि मीठ उजव्या हाताला, भाजी डाव्या हाताला. भाकरीही डावीकडे. त्या दिवसापासून यांचं ताट असंच. हे नीट जेवायला लागले, सांडायचं कमी झालं. अक्कांनी एकदा विचारलं, हे काय नवीन, तर आत्याबाईंनी त्यांना भाकरी वाढली आणि जेव म्हणाल्या.

पावसाळ्यात यांना ताप आला आणि छातीत कफ झाला. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. उस्तादांना त्यांच्या मुलानं हात धरून आणलं होतं, त्यांनाही ओळखलं नाही. सिस्टर येऊन चादरीखाली यांचे पाय सरळ करायच्या. त्या गेल्या की थोड्या वेळानं उजवा पाय हळूहळू पुढे यायचा. उस्ताद ते बघत बसले होते. जाताना त्यांनी त्या पायावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बहुत अच्छा खड़ा रहता था." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. मी तिथेच होते. मला काहीच करता आलं नाही. डोळे मात्र मिटले नाहीत.

परवा दसरा झाला. आमच्याकडे दसऱ्याला विळा, खुरपं, कुऱ्हाड पाटावर मांडून पुजतात. मी त्यांच्याशेजारी यांचे ग्लोव्हज ठेवले. शिवणीत अजून हळद आहे. मागे भिंतीला टेकवून यांचा फोटो ठेवला, लग्नाच्या फोटोतून एकट्यांचा मोठा करून घेतलेला, तिरपा. मग पुरणपोळीचं ताट वाढून फोटोसमोर ठेवलं. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. सणाचं म्हणून मी पहिल्यासारखंच वाढलं, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि समोर उभ्या उभ्या माझ्याकडे तोंड करून ठेवून दिलं.

अक्का म्हणाल्या, "अगं, उलटं ठेवलंस. ताट जेवणाऱ्याकडं असतं. फिरव ते." मला एकदम लाज वाटली. मी खाली वाकले.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं. त्या हातावर जोर देऊन थोड्या पुढे सरकल्या, ताटाकडे बघितलं, मग फोटोकडे. माझ्या डाव्या हाताला चटणी होती, म्हणजे समोरून बघणाऱ्या यांच्या उजव्या हाताला. भाजी यांच्या डाव्या हाताशी आली होती.

त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला बराबर हाय."